नवऱ्याने छळलं, मालकाने राबवलं, आता शिकायचंय: अमेरिकेत कॉलेजची फी आणि एड कशी मिळवायची

आधीच सांगते, मी वकील नाही. मी एका कम्युनिटी कॉलेजच्या फायनान्शियल एडच्या, म्हणजे शिक्षणासाठीच्या आर्थिक मदतीच्या, खिडकीमागे बसते, आणि आपल्याकडच्या बायका, हल्ली मुलंही, येऊन जे प्रश्न विचारतात त्यांची उत्तरं एका जागी असावीत म्हणून हे लिहितेय. बहुतेक जणी पहिल्याच वाक्यात विचारतात, "ताई, मला फॅफ्सा मिळेल का?" (फॅफ्सा म्हणजे कॉलेजसाठी फेडरल सरकारच्या मदतीचा अर्ज) आणि मी उलटं विचारते की तुमच्याकडे इमिग्रेशनचा नेमका कुठला कागद आहे. कारण तुमच्यावर काय बेतलं, तुम्ही किती सोसलंत, यावर सरकारी मदत ठरत नाही, ती ठरते हातातल्या कागदावर. एकाच प्रकारची मारहाण झालेल्या दोघींपैकी एकीला वर्षाला हजारो डॉलर मिळतात आणि दुसरीला फेडरल सरकारकडून एक पैसाही नाही, असं खरंच होतं. अन्याय आहे, पण आहे तो असा आहे.

आधी कागद ओळखा

वावा. म्हणजे व्हायलेन्स अगेन्स्ट विमेन ॲक्ट, १९९४ चा कायदा. नवरा अमेरिकन सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला असेल आणि त्याने छळ केला असेल तर त्याच्या सहीशिवाय, त्याला पत्ताही न लागता तुम्ही स्वतःचा आय-३६० फॉर्म भरू शकता. नावात विमेन असलं तरी पुरुषांनाही चालतो. छळामुळे घटस्फोट झाला असेल तर त्यानंतर दोन वर्षांच्या आत भरायचा. एकवीसच्या आतली, लग्न न झालेली मुलं तुमच्याच अर्जात येतात. अर्ज प्रथमदर्शनी ठीक वाटला की यूएससीआयएसकडून, म्हणजे इमिग्रेशन खात्याकडून, प्रायमा फेसी नावाचं पत्र येतं, ते फेकू नका, कारण कॉलेजच्या फेडरल एडसाठी ते पत्रसुद्धा चालतं, आय-३६० पूर्ण मंजूर व्हायची वाट बघावी लागत नाही. फक्त त्या पत्रावर एक्स्पायरी असते, ती बघून वेळेत पुढचं पत्र मागवायचं.

टी व्हिसा. ह्युमन ट्रॅफिकिंग म्हटलं की लोकांना भलतंच काहीतरी डोळ्यासमोर येतं, पण मोटेलमध्ये किंवा रेस्टॉरंटमध्ये पासपोर्ट काढून घेऊन, कर्जाची भीती घालून, पोलिसांची धमकी देऊन राबवून घेणं हेही त्यातच मोडतं, घरकामाला आणलेल्या बाईला कोंडून ठेवणंसुद्धा. फॉर्म आय-९१४. वर्षाला ५,००० ची मर्यादा आहे. टी मिळालेल्यांना फेडरल मदतीच्या बाबतीत रेफ्युजींसारखं धरतात, म्हणजे फॅफ्सा चालतो. आरोग्य खात्याच्या ट्रॅफिकिंग ऑफिसकडून सर्टिफिकेशनचं पत्रही मिळतं, त्याची कॉपी कॉलेजच्या फाइलला लावून ठेवा.

यू व्हिसा. इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो. हा व्हिसा २००० च्या कायद्याने आला, घरगुती हिंसा, लैंगिक अत्याचार, पाठलाग, गंभीर मारहाण, अपहरण, खंडणी वगैरे ठरावीक गुन्ह्यांना बळी पडून पोलिसांना मदत केलेल्यांसाठी. छळणारा एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, असला काय किंवा अनोळखी चोर असला काय, फरक पडत नाही. पोलीस, सरकारी वकील किंवा तत्सम कुणाची तरी सप्लिमेंट बी वर, म्हणजे तुम्ही मदत केल्याच्या दाखल्यावर, सही लागते, आणि सही झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत आय-९१८ दाखल करावा लागतो. वर्षाला मुख्य अर्जदारांना फक्त १०,००० व्हिसा, आणि रांगेत लाखाच्या वर अर्ज, त्यामुळे वर्षानुवर्षं थांबावं लागतं. जून २०२१ पासून अर्ज खरा वाटला तर मधल्या काळात बोनाफाइड डिटर्मिनेशन देतात आणि त्यावर चार वर्षांचं वर्क परमिट मिळतं. पण कान देऊन ऐका: यू व्हिसावर, रांगेत असताना आणि हातात पडल्यावरही, फेडरल स्टुडंट एड मिळत नाही. यू स्टेटसमध्ये तीन वर्षं काढून ग्रीन कार्ड मिळालं की मग मिळते. तोपर्यंत तुमची आशा म्हणजे राज्य आणि कॉलेज.

आणि एच-फोरवाल्या, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या बायकोच्या व्हिसावर आलेल्या. नवरा एच-वन-बीवरच असेल, ग्रीन कार्ड रांगेत अडकलेलं, तर वावा तुम्हाला लागू नाही, कारण तो सिटिझनही नाही आणि ग्रीन कार्डवालाही नाही. भारतीयांच्या बाबतीत ही रांग इतकी लांब आहे की आपल्यातल्या बऱ्याच जणी नेमक्या याच फटीत पडतात. त्यांच्यासाठी आय-७६५व्ही नावाचा फॉर्म आहे, छळ झालेल्या एच-फोर बायकोला स्वतःच्या नावावर वर्क परमिट मिळतं. त्यावर फेडरल एड नाही, पण नोकरी करता येते, सोशल सिक्युरिटी नंबर मिळतो, आणि पोलिसांत तक्रार झालेली असेल तर बरोबरीने यू व्हिसाचाही विचार होतो. एक मात्र लक्षात ठेवा, घटस्फोटाचा अंतिम हुकूम झाला की त्याच दिवशी एच-फोर संपतो. फॅमिली कोर्टाचा वकील हे सांगेलच असं नाही. तेव्हा सही करायच्या आधी इमिग्रेशनवाल्याला विचारा.

फॅफ्सा कुणी भरायचा आणि कसा

वावा आणि टी वाल्यांनी भरायचा. सिटिझनशिपच्या प्रश्नाला "एलिजिबल नॉनसिटिझन" निवडायचं आणि ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याने दिलेला तुमचा नंबर, टाकायचा. यू वाल्यांनी, अर्ज रांगेत असलेल्यांनी आणि नुसतं आय-७६५व्ही असलेल्यांनी हा पर्याय निवडायचा नाही, कुणी मैत्रीण म्हणाली "टाकून तर बघ" तरी नाही. सरकारी फॉर्मवर चुकीचं स्टेटस टाकलं तर ते पुढे ग्रीन कार्डच्या वेळी आडवं येऊ शकतं.

आता वावावालीने अगदी बरोबर भरलेला फॅफ्साही पुष्कळदा अडकतो. कॉम्प्युटर इमिग्रेशनच्या डेटाबेसशी जुळवून बघतो आणि "कन्फर्म झालं नाही" असा शेरा मारतो. गेल्या सीझनला माझ्या खिडकीवर एक बाई हा शेरा छापून घेऊन आली होती, बरोबर प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आय-३६० चं मंजुरीपत्र, त्याच्या तीन झेरॉक्स, आणि चेहऱ्यावर मी खोटी ठरले की काय असा भाव. आधीच्या कॉलेजमध्ये तिला काउंटरवरच्या पोराने सांगितलं होतं की ग्रीन कार्ड घेऊन या मगच बोलू. चूक त्या पोराची होती, त्याला नियम माहीत नव्हता. अशा वेळी करायचं काय, तर मूळ पत्र दाखवायचं, सुपरवायझरला भेटायचं म्हणायचं, आणि नम्रपणे सांगायचं की फेडरल स्टुडंट एड हँडबुकचा पहिला खंड, दुसरं प्रकरण उघडा, त्यात "बॅटर्ड इमिग्रंट्स, क्वालिफाइड एलियन्स" असा भाग आहे. हे नाव एका चिठ्ठीवर इंग्रजीत लिहूनच न्या. मी तर म्हणते ते पान प्रिंट करून न्या, कारण ऑफिसातला माणूस वाईट नसतो, त्याने अशी केस कधी बघितलेलीच नसते.

नवऱ्याच्या पगाराचा प्रश्न याहून मोठा. फॅफ्सा दोन वर्षांपूर्वीचा टॅक्स रिटर्न बघतो, आणि तो रिटर्न तुम्ही जॉइंट भरलेला असतो, त्यात नवऱ्याचा आयटीतला पगार. कागदावर तुम्ही श्रीमंत, प्रत्यक्षात शेल्टरमध्ये. तर तुम्ही वेगळ्या राहत असाल आणि परत एकत्र येणार नसाल तर मॅरिटल स्टेटसमध्ये "सेपरेटेड" निवडा, त्यासाठी कोर्टाचा कागद लागतोच असं नाही. मग नवऱ्याची माहिती, त्याची संमती, काहीच लागत नाही, जॉइंट रिटर्नमधला तुमचा स्वतःचा भाग तेवढा मोजायचा. घाईत "मॅरिड" टिक केलंत तर त्याचाही पगार मोजला जातो, आणि रिटर्न वेगवेगळे भरलेले असतील तर त्याला काँट्रिब्युटर (फॉर्मसाठी माहिती आणि संमती द्यावी लागणारा) म्हणून ईमेल जायची पाळी येते, आणि ते आपल्याला अजिबात नको असतं.

उत्पन्न आता कमी झालंय, खर्च वाढलाय, हे सांगायला एड ऑफिसकडे प्रोफेशनल जजमेंट नावाचा अधिकार असतो. शेल्टरचं पत्र, कोर्टाची प्रोटेक्शन ऑर्डर, काउन्सेलरचं पत्र, भाड्याचा करार, जे असेल ते जोडा. ही विनंती लेखी करायची, तोंडी सांगून घरी जायचं नाही.

मुलांसाठी वेगळं: चोवीसच्या आतल्या मुलाला सहसा आईवडिलांची माहिती द्यावी लागते, पण घरातल्या छळामुळे किंवा ट्रॅफिकिंगमुळे आईवडिलांशी संपर्क ठेवणं शक्य नसेल तर फॉर्ममध्येच अनयुज्वल सर्कमस्टन्सेसचा प्रश्न आहे, त्याला हो म्हटलं की तात्पुरतं इंडिपेंडंट धरतात आणि मग कॉलेज पुरावे मागतं.

इंडियाची डिग्री मोजतात

हे कुणी सांगत नाही म्हणून ठळक लिहितेय. पेल ग्रँट, म्हणजे परत न करायची फेडरल मदत, २०२५-२६ ला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर, ही पहिल्या बॅचलर्स डिग्रीपुरतीच असते. पुणे विद्यापीठाची बी.ई. असली तरी ती डिग्रीच. "इथे ती चालत नाही ना, मग नाही म्हणून टाकते" असं करू नका. मात्र तीन वर्षांची बी.कॉम. किंवा बी.ए. असेल तर ती अमेरिकन बॅचलर्सच्या बरोबरीची धरायची का नाही हे कॉलेज ठरवतं, आणि बरोबरीची नाही असा इव्हॅल्युएशन रिपोर्ट तुम्ही आणून दिलात तर पेल मिळू शकते. अशा रिपोर्टला पैसे जातात, तेव्हा आधी एड ऑफिसला विचारा की कुठल्या संस्थेचा रिपोर्ट चालेल, मगच पैसे भरा.

डिग्री मोजली गेली तर पेल गेली, पण फेडरल लोन राहतं. मास्टर्सला डायरेक्ट अनसबसिडाइज्ड (शिकत असतानाही व्याज चढणारं) लोन वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंत. ग्रॅड प्लस नावाचं मोठं लोन १ जुलै २०२६ पासून नवीन लोकांना बंद, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून हिशेब मांडू नका. माझं मत विचाराल तर घरातून नुकतीच बाहेर पडलेल्या बाईने पहिल्याच वर्षी मोठं लोन काढून मास्टर्सला जाण्यापेक्षा कम्युनिटी कॉलेजचा एखादा छोटा सर्टिफिकेट कोर्स करून नोकरी धरावी, मेडिकल बिलिंग, अकाउंटिंग, नर्सिंग असिस्टंट, असं काहीतरी. मास्टर्स पळून जात नाही.

राज्याची मदत: इथे यू व्हिसावाल्यांनी जोर लावायचा

पब्लिक कॉलेजात दोन दर असतात, राज्यातल्यांना इन-स्टेट आणि बाहेरच्यांना आउट-ऑफ-स्टेट. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात राज्यातल्याला युनिटमागे ४६ डॉलर पडतात, म्हणजे १२ युनिटचं सेमिस्टर ५५२ डॉलरला. बाहेरचा म्हणून धरलं तर त्याच्या कितीतरी पट. यूसी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियामध्ये बाहेरच्याला वर्षाला ३०,००० डॉलरहून जास्तीचा भुर्दंड. म्हणजे खरी फी माफी ही आहे, स्कॉलरशिप नंतर शोधा.

कॅलिफोर्नियाने याबाबत चांगलं काम केलंय. २००१ च्या एबी ५४० कायद्यात तीन वर्षं इथे शिकलेल्यांना इन-स्टेट दर आहे आणि व्हिसावरच्या बाकीच्यांना वगळताना टी आणि यू ला मात्र वगळलेलं नाही. शिवाय शिक्षण कायद्याच्या कलम ६८१२२ मध्ये टी आणि यू वाल्यांना रेफ्युजींइतकीच सूट दिलीय. यू वाल्यांनी तिथे फॅफ्साऐवजी कॅलिफोर्निया ड्रीम ॲक्ट ॲप्लिकेशन भरायचं, त्यावर कॅल ग्रँटचा, म्हणजे राज्याच्या परत न करायच्या मदतीचा, विचार होतो. चार वर्षांच्या कॉलेजसाठी तारीख सहसा २ मार्च. टी वाल्यांनी फॅफ्सा. हे उलटंपालटं भरणारे दर वर्षी भेटतात.

न्यूयॉर्कच्या २०१९ च्या ड्रीम ॲक्टमध्ये यू आणि टी व्हिसावाल्यांचा नाव घेऊन उल्लेख आहे, टॅपसारखी (ट्युशन असिस्टन्स प्रोग्रॅम) राज्याची मदत त्यातून मिळते. न्यू जर्सीत २०१३ पासून तीन वर्षं तिथल्या हायस्कूलला जाऊन पास झालेल्यांना इन-स्टेट दर मिळतो, आणि २०१८ पासून स्टेटस नसलेल्यांना राज्याची मदतही, त्यासाठी वेगळा अल्टरनेटिव्ह फॉर्म आहे. एडिसन, जर्सी सिटीकडे शाळेत गेलेल्या मुलांना याचा उपयोग होतो. पण तिशीत लग्न करून आलेल्या बाईला हायस्कूलचा नियम काय कामाचा? तिने रेसिडेन्सी ऑफिसला दुसरा प्रश्न विचारायचा: "माझ्या व्हिसाच्या प्रकारावर मला डोमिसाइल, म्हणजे या राज्याची रहिवासी असा दर्जा, मिळतो का?" कित्येक राज्यांत एच-फोर, टी, यू हे डोमिसाइल घेऊ शकणाऱ्या व्हिसांमध्ये बसतात. मग एक वर्ष राहिल्याचे पुरावे लागतात, भाडेकरार, लायसन्स, टॅक्स, लाइट बिल. सगळी बिलं नवऱ्याच्या नावावर असतात ही आपल्याकडची रडकथा, म्हणून घर सोडल्यावर पहिल्या महिन्यातच काहीतरी एक स्वतःच्या नावावर घ्या, फोन, बँक, लायब्ररी कार्ड, काहीही.

टेक्सास आणि फ्लोरिडावाल्यांनी सावध राहा. टेक्सासचा इन-स्टेट दराचा २००१ चा कायदा जून २०२५ मध्ये फेडरल कोर्टाच्या हुकुमाने बंद पडला, फ्लोरिडाने आपला १ जुलै २०२५ पासून काढून टाकला. हे मुख्यतः लीगल स्टेटस नसलेल्यांबाबत आहे, तुमच्याकडे यू, टी किंवा मंजूर वावा असेल तर "आता सगळंच बंद झालं" असं कुणी म्हटलं म्हणून घरी बसू नका, लेखी उत्तर मागा.

पत्ता लपवायचा

ज्याच्यापासून पळालात त्याला तुम्ही कुठल्या कॉलेजात आहात हे कळता कामा नये. इमिग्रेशन खात्याला तुमची माहिती छळणाऱ्याला द्यायला १९९६ पासून कायद्याने बंदी आहे, पण कॉलेजची डिरेक्टरी वेगळी. रजिस्ट्रारकडे जाऊन फर्पा (विद्यार्थ्यांची माहिती गुप्त ठेवण्याचा कायदा) खाली डिरेक्टरी इन्फर्मेशन ब्लॉक करा, एका पानाचा फॉर्म असतो. नवीन ईमेल उघडा, जुन्या फोनवर लॉगिन नको, फॅमिली प्लॅनवर तर नकोच. कॅलिफोर्नियात सेफ ॲट होम नावाची योजना आहे, बऱ्याच राज्यांत तशाच आहेत, त्यात खऱ्या पत्त्याऐवजी सरकारी पत्ता वापरता येतो आणि कॉलेजची पत्रंही तिकडे जातात.

एफ-वनवर शिकायला आलेल्यांसाठी थोडं

तुमच्यावर कॅम्पसमध्ये किंवा बाहेर हल्ला झाला असेल तर यू चा अर्ज टाकला म्हणून एफ-वन सोडून देऊ नका, नुसता अर्ज म्हणजे स्टेटस नव्हे. अभ्यास झेपत नसेल तर परस्पर कोर्स ड्रॉप करू नका, आधी डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचं काम बघणाऱ्या कॉलेजच्या अधिकाऱ्याला, भेटा, डॉक्टरांच्या किंवा सायकॉलॉजिस्टच्या पत्रावर मेडिकल कारणासाठी एकूण १२ महिन्यांपर्यंत कमी कोर्सेसची परवानगी मिळते. लैंगिक अत्याचार असेल तर टायटल नाइन ऑफिसकडे (कॉलेजातल्या लैंगिक छळाच्या तक्रारी बघणारं ऑफिस) फी परत, उशिरा विथड्रॉवल, ट्रान्सक्रिप्टवर एफ न लागणं, हे सगळं मागता येतं. मागावं लागतं, आपणहून कुणी देत नाही.

एजंट

"पाच हजार द्या, यू व्हिसा करून देतो" म्हणणारे आपल्याच लोकांत फिरतात. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सरकारी वकिलांनी दुकानांत खोटे सशस्त्र दरोडे घडवून क्लार्कना यू व्हिसाचे अर्ज करायला लावल्याचा खटला भरला, त्यात आपल्याकडची माणसं होती. असल्या भानगडीत सापडलात तर कॉलेज राहिलं बाजूला, डिपोर्टेशनची वेळ येते. आय-९१८, आय-९१४ आणि वावासाठीचा आय-३६० या फॉर्मांना फी नाही. मदत घ्यायची तर वकिलाची किंवा न्याय खात्याने मान्यता दिलेल्या प्रतिनिधीची.

आपल्या भाषा समजणाऱ्या, सासूबाईंचा फोन म्हणजे काय हे वेगळं समजावून सांगावं न लागणाऱ्या संस्था आहेत: न्यू जर्सीत मानवी, १९८५ पासूनची, न्यूयॉर्कला सखी, बे एरियात मैत्री आणि नारिका, शिकागोत अपना घर, ह्यूस्टनला दया, अटलांटात रक्षा. यांच्याकडून मिळणारं पत्र एड ऑफिसात पुरावा म्हणून चालतं. रात्रीबेरात्री घरगुती हिंसेसाठी १-८००-७९९-७२३३, ट्रॅफिकिंगसाठी १-८८८-३७३-७८८८, दुभाषा मागता येतो.

आणि ज्यांनी आधीच कॉलेज सुरू केलं होतं आणि त्या गोंधळात दोन विषय बुडाले, त्यांची एड सॅप च्या, म्हणजे अभ्यासात समाधानकारक प्रगती हवी या, नियमाने थांबू शकते. त्यावर अपील असतं. काय झालं ते चार ओळींत, तारखांसह लिहा, आता काय बदललंय ते दोन ओळींत, आणि एक पुरावा जोडा. मारहाणीचं सगळं वर्णन द्यायची गरज नाही, कमिटीला तेवढं वाचायचंही नसतं. अपीलची शेवटची तारीख कॉलेजागणिक वेगळी, पुष्कळदा सेमिस्टर सुरू व्हायच्या आधीची असते, ती चुकली की मग बहुधा पुढच्या सेमिस्टरलाच.